मालकी सरकारची, की लोकांची?

१ ऑक्टोबर २००० रोजी कामास लागलेल्या भारत संचार निगम लिमिटेड या कंपनीला २०२५ च्या ऑक्टोबरात पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्याच्या चारच दिवस आधी, २७ सप्टेंबर रोजी, ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते निगमच्या चौथ्या पिढीच्या स्वदेशी मोबाईल जाळ्याचे उद्‌घाटन झाले. खाजगी कंपन्यांनी हीच सेवा २०१२ मध्ये देण्यास प्रारंभ केला होता. तेरा वर्षांच्या विलंबाने आलेल्या या समारंभावर अपेक्षेप्रमाणे दोन प्रतिक्रिया उमटल्या. सरकारला धंदा जमत नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झाले, असे एका बाजूने म्हटले. संधी मिळताच सार्वजनिक क्षेत्राने आपले सामर्थ्य दाखविले, असे दुसऱ्या बाजूने, म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी म्हटले. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत. या देशातील सरकारी दूरध्वनीचा इतिहास नीट तपासला तर सरकारी मालकी आणि लोकांची मालकी या दोन गोष्टी एक नव्हेत, हा एकच धडा त्यातून पुनःपुन्हा पुढे येतो. हा धडा समाजवाद्यांच्या विरोधकांनी शिकावा ही अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु आपण तो वेळीच शिकलो नाही, याचे शल्य मात्र आपल्याला असले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारतात दूरध्वनीवर सरकारची मक्तेदारी होती ती नेहरूंच्या किंवा समाजवादाच्या प्रभावामुळे, असे हल्ली सर्रास लिहिले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. १८८१ मध्ये इंग्लंडच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला मुंबई, कलकत्ता, मद्रास आदी शहरांत दूरध्वनी केंद्रे उघडण्याचा परवाना मिळाला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी या तिन्ही शहरांतील केंद्रांचे औपचारिक उद्‌घाटन झाले. म्हणजे प्रारंभ खाजगी कंपनीच्या हातून झाला. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे घेतला गेला आणि दूरध्वनीही त्याच अधिकाराखाली आला. ज्या साम्राज्याने हा कायदा केला त्याला प्रजेच्या सोयीची चिंता नव्हती. १८५७ च्या उठावात तारेचे मोल त्याने अनुभवले होते. तारा आपल्या ताब्यात राहाव्यात आणि प्रसंगी लोकांचे संदेश अडविता यावेत, हा त्याचा हेतू होता. तो अधिकार त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात नमूद होता. पुढे १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील दूरध्वनी व्यवस्था सरकारने कंपन्यांकडून आपल्याकडे घेतली. आपल्याकडील दूरध्वनीचे राष्ट्रीयीकरण झाले ते परकी राजवटीत, राज्यकर्त्यांच्या गरजेपोटी. स्वातंत्र्यानंतर आपण त्या खात्याच्या दारावरची पाटी बदलली. खात्याची वृत्ती तीच राहिली, आणि ती तशी राहू देण्यात आपला सर्वांचा वाटा आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा एवढ्या मोठ्या देशात सुमारे ऐंशी हजार दूरध्वनी होते. नव्या राज्यकर्त्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८ मध्ये बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना उभा राहिला. स्वतंत्र भारतातील सार्वजनिक क्षेत्राचा तो पहिला उद्योग. १९५२ मध्ये पश्चिम बंगालात रूपनारायणपूर येथे हिंदुस्थान केबल्स सुरू झाली. १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान ग्राहकाला स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय झाली. टपाल व तार खात्याच्या लाइनमननी डोंगरदऱ्यांतून, महापुरांतून आणि दंगलींतून तारा जिवंत ठेवल्या; ती सेवा विसरता येणार नाही. तथापि नियोजनाच्या अग्रक्रमात दूरध्वनीला पोलाद, वीज आणि धरणे यांच्या मागे, बरेच मागे, स्थान मिळाले. दूरध्वनी ही श्रीमंतांची चैन, अशी एक समजूत सत्ताधाऱ्यांत होती आणि खरे सांगायचे तर ती आपल्यातही होती. टपाल आणि दूरध्वनी एकाच खात्यात असल्यामुळे दूरध्वनीच्या उत्पन्नातून टपालाचा तोटा भरून निघे. स्वस्त पोस्टकार्ड ही गरिबाची गरज होती, म्हणून या व्यवहारात काही गैर नव्हते. परंतु जाळे वाढविण्यासाठी जो पैसा मागे उरावयास हवा होता तो उरत नव्हता, आणि त्याची किंमत कोण मोजतो याचा हिशोब कोणीही मांडत नव्हते.

ती किंमत रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मोजली. प्रस्तुत लेखकाचे बालपण तालुक्याच्या गावी गेले. तेथे परगावी बोलावयाचे म्हणजे टपाल कचेरीत ट्रंक कॉल नोंदवून बाकावर बसावयाचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे दर होते. घरात कोणी अत्यवस्थ असल्याखेरीज लाइटनिंगचा विचार कोणी करीत नसे, आणि कित्येकदा त्या पैशांसाठी शेजाऱ्यापुढे हात पसरावा लागे. शहरात घरी दूरध्वनी हवा असणाऱ्याने अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी, आणि ज्याच्याजवळ पैसा असेल त्याने 'ओन युवर टेलिफोन' या योजनेत भरभक्कम रक्कम आगाऊ भरून रांगेत पुढे जावे, अशी ही समतावादी म्हणविणाऱ्या राज्याची व्यवस्था होती! आमदार-खासदारांच्या शिफारसपत्रांना जो भाव आला तो याच टंचाईतून. ग्राहकांचा आवाज ऐकू यावा म्हणून दूरध्वनी सल्लागार समित्या नेमल्या गेल्या; त्या राजकीय शिफारशींनी भरल्या आणि मान मिरविण्याच्या जागा झाल्या. टंचाई असली की वाटप करणारा मोठा होतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. आपण ते धान्याच्या काळ्या बाजाराला लावले, सरकारी खात्याला लावण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही.

येथे आत्मपरीक्षणाची एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी गरजेवर आधारित किमान वेतनासाठी एक दिवसाचा संप केला. त्यात टपाल व तार कर्मचारी आघाडीवर होते आणि त्यांना निलंबन, अटका व बडतर्फी सोसावी लागली. समाजवादी त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे योग्यच झाले. परंतु त्याच खात्याच्या खिडकीसमोर ताटकळणारा अर्जदार हाही श्रमिकच होता. गावातल्या आजारी आईची खबर त्याला तीन दिवसांनी कळत होती. त्याच्या बाजूने आपण किती मोर्चे काढले? सार्वजनिक उद्योगाचा मालक म्हणून ज्याचे नाव आपण घेत होतो, तो आपल्या हिशोबात कोठेच नव्हता. पुढे खाजगीकरणाची लाट आली तेव्हा हा मालक आपल्या उद्योगाच्या रक्षणासाठी रस्त्यावर का आला नाही, याचे कोडे अनेकांना पडले. त्यात कोडे कसले? जे कधी आपले वाटले नाही ते वाचविण्यासाठी कोण येईल?

मग सार्वजनिक उद्योगाला कार्यक्षमता साधतच नाही काय? याचे उत्तर १९८४ ते १९९० च्या दरम्यान मिळाले आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये एवढ्या मर्यादेत भारतीय परिस्थितीला साजेशी दूरध्वनी केंद्रे निर्माण करण्याचे काम सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण अभियंत्यांवर सोपविण्यात आले. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागे. आपल्या खेड्यातील धूळ, उष्मा आणि बेभरवशाची वीज सहन करील असे केंद्र त्यांनी तयार केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे अशा पहिल्या ग्रामीण केंद्रांपैकी एक सुरू झाले. मुदती ओलांडल्या गेल्या, वाद झाले, हे खरे. परंतु सरकारी पैशाने, सरकारी संस्थेत, देशी अभियंत्यांनी ते करून दाखविले. यापाठोपाठ रस्त्यारस्त्यावर पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. केंद्रे आली. ती देताना अपंगांना प्राधान्य होते. ज्या घरात दूरध्वनी येण्याची आशा नव्हती त्या घरातला माणूस रात्री अकरानंतर, दर उतरले की, त्या काचेच्या खोपट्यात शिरून मुंबईतल्या गिरणी कामगार भावाशी बोलू लागला. घरोघरी यंत्र न देताही सेवा सर्वांपर्यंत नेता येते, ही अस्सल समाजवादी कल्पना होती. ती कोण्या समाजवादी पक्षाच्या जाहीरनाम्यातून आली नाही, हीही आपल्याला विचारात पाडणारी गोष्ट आहे.

१९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. १९८६ मध्ये मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम आणि परदेशी संपर्कासाठी विदेश संचार निगम अशा दोन सरकारी कंपन्या निघाल्या. तरीही १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले तेव्हा देशात शंभर माणसांमागे ०.८ दूरध्वनी होते, जगाची सरासरी दहा होती; ८० लाख जोडण्या आणि २५ लाखांची प्रतीक्षायादी होती; पावणेसहा लाख खेड्यांपैकी सुमारे १ लाख ४० हजार खेड्यांपर्यंतच सेवा पोहोचली होती. ही आकडेवारी देऊन सरकारने खाजगी भांडवलाला दार उघडले. ज्या राज्यकर्त्यांनी चाळीस वर्षे या उद्योगाला पुरेसा पैसा दिला नाही, त्यांनीच त्याच्या अपयशाचे प्रमाणपत्र लिहून दिले. खात्यातील भ्रष्टाचाराने या प्रमाणपत्रावर शिक्कामोर्तब केले. १९९६ मध्ये माजी दूरसंचार मंत्री सुखराम यांच्या निवासस्थानांवर केंद्रीय अन्वेषण विभागाने टाकलेल्या छाप्यांत कोट्यवधींची रोकड सापडली आणि पुढे न्यायालयांनी त्यांना दोषी ठरविले.

यानंतरचा इतिहास अधिक बारकाईने पाहिला पाहिजे, कारण सरकारी कंपनी स्पर्धेत टिकली नाही हा निष्कर्ष याच काळावर उभारला जातो. स्पर्धा कोणत्या नियमांनी झाली? मोबाईल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हा ते परवाने खाजगी कंपन्यांनाच मिळाले; सरकारी सेवेला या क्षेत्रात उतरण्याची मुभा १९९९ च्या धोरणाने मिळाली. महानगर निगमची मोबाईल सेवा २००१ मध्ये, तर भारत संचार निगमची ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली. म्हणजे शर्यत सुरू झाल्यानंतर सात वर्षांनी या गड्याला मैदानात सोडण्यात आले. मधल्या काळात खाजगी कंपन्यांनी अवाच्या सवा बोली लावून परवाने घेतले आणि ती फी भरणे अशक्य झाले, तेव्हा १९९९ मध्ये सरकारने ठरलेल्या फीऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची सवलत त्यांना दिली. बाजाराच्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या दिवशी शिस्त बाजूला ठेवली.

सप्टेंबर २००० मध्ये दूरसंचार कर्मचाऱ्यांनी खात्याची कंपनी करण्याविरुद्ध संप केला. निवृत्तिवेतनाची हमी पदरात पडल्यावर तो मिटला. कंपनी झाली, तीन लाखांहून अधिक कर्मचारी तिच्याकडे आले. फेब्रुवारी २००२ मध्ये विदेश संचार निगमचे २५ टक्के भाग १,४३९ कोटी रुपयांना विकून तिचे व्यवस्थापन टाटा समूहाकडे देण्यात आले. अशा वातावरणात भारत संचार निगमने जे केले ते स्मरणात ठेवण्यासारखे आहे. तिच्या मोबाईल सेवेच्या आगमनाने दर कोसळले. येणाऱ्या कॉललाही पैसे मोजण्याची प्रथा २००३ मध्ये संपुष्टात आली. १ मार्च २००६ पासून एका रुपयात देशभर कोठेही एक मिनिट बोलता येऊ लागले. लहान गावांतून तिचे सिमकार्ड मिळविण्यासाठी रांगा लागल्या. २००४-०५ मध्ये या कंपनीला १०,१८३ कोटी रुपये निव्वळ नफा झाला. सरकारी कंपनी म्हणजे पांढरा हत्ती, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा कधी उच्चारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग अवघ्या पाच वर्षांत, २००९-१० मध्ये, हीच कंपनी १,८२३ कोटींच्या तोट्यात कशी गेली? मोबाईलची मागणी ऐन भरात असताना तिला क्षमता वाढवू दिली गेली नाही, हे पहिले कारण. २००६ मध्ये साडेचार कोटी जोडण्यांच्या यंत्रसामग्रीची निविदा निघाली; ती न्यायालयीन वादात सापडली आणि मंत्रालयाच्या पातळीवर निम्म्यावर आणली गेली. नंतर ९ कोटी ३० लाख जोडण्यांची निविदा निघाली. तीही २०१० मध्ये रद्द झाली. खाजगी कंपनीचा संचालक जो निर्णय एका बैठकीत घेतो त्यासाठी सार्वजनिक कंपनीला मंत्री, सचिव, दक्षता आयोग आणि न्यायालय अशा चार दारांवर थांबावे लागले. दुसरे असे की, ग्रामीण सेवेच्या तोट्यापोटी तिला मिळणारे प्रवेश तूट शुल्क २००८ मध्ये बंद झाले, ग्रामीण सेवेचा भार मात्र कायम राहिला. तिसरे कारण सर्वांत उद्वेगजनक आहे. २०१० मध्ये तिसऱ्या पिढीच्या ध्वनिलहरींचा लिलाव झाला. या लिलावात भाग घेण्याचे स्वातंत्र्य निगमला नव्हते. लहरी कोणत्या घ्याव्यात हे ठरविण्याचेही नव्हते. परंतु खाजगी कंपन्यांनी चढाओढीने जो भाव काढला तोच भाव तिच्याकडून वसूल करण्यात आला. भारत संचार निगमने सुमारे १८,५०० कोटी रुपये आपल्या गंगाजळीतून सरकारच्या तिजोरीत भरले. मुंबई-दिल्लीच्या महानगर निगमने सुमारे ११,१०० कोटी रुपये भरले, तेही कर्ज काढून. निरुपयोगी ठरलेल्या लहरींपोटी काही रक्कम पुढे परत मिळाली; परंतु तोपर्यंत महानगर निगम कर्जाच्या गाळात रुतला होता. २०२४ मध्ये त्याचे बँकांचे हप्तेही थकले. अर्थसंकल्पातील तूट कमी दिसावी म्हणून मालकाने आपल्याच दुकानाचा गल्ला रिकामा केला, आणि नंतर दुकान चालत नाही म्हणून त्याच मालकाने कपाळाला हात लावला.

चौथ्या पिढीच्या लहरी निगमला देण्याचा निर्णय २३ ऑक्टोबर २०१९ रोजी झाला. तोवर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने मोफत सेवेचा मारा करून बाजाराची उलथापालथ केली होती आणि अनेक कंपन्या त्यात गतप्राण झाल्या होत्या. त्याच निर्णयान्वये पन्नाशी उलटलेल्या कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊ करण्यात आली, आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी सुमारे ७८ हजार माणसे भारत संचार निगमच्या दारातून कायमची बाहेर पडली. कर्मचारीसंख्या जादा होती, पगारावर उत्पन्नाचे सुमारे ७५ टक्के खर्च होत होते, हे मान्य केले पाहिजे. बदलत्या तंत्राची दखल संघटनांनी उशिरा घेतली, हेही मान्य केले पाहिजे. पण ७५ टक्के हे प्रमाण पगार वाढल्याने जितके झाले तितकेच ते उत्पन्न घटल्याने झाले, आणि उत्पन्न घटविणारे निर्णय लाइनमनने घेतले नव्हते. निवृत्तीची रक्कम कायम कर्मचाऱ्यांना तरी मिळाली. वर्षानुवर्षे खांबावर चढणारे आणि केबलचे खड्डे खणणारे कंत्राटी कामगार थकलेल्या मजुरीसाठी दारोदार फिरत राहिले. त्यांच्यासाठी कोणतीही योजना नव्हती.

२०१९, २०२२ आणि २०२३ अशा तीन पुनरुज्जीवन योजनांतून सरकारने सुमारे ३ लाख २२ हजार कोटी रुपये दिल्याचे सांगितले जाते. हा आकडा वाचून करदात्याचे डोळे विस्फारतात. तथापि त्यातील मोठा भाग ध्वनिलहरींच्या मूल्याचा आहे. एका खिशातील किंमत दुसऱ्या खिशात नोंदविणे याला दान म्हणता येणार नाही. उलट, खाजगी कंपन्यांना दिलेल्या सवलतींविषयी कोणी बोलत नाही. व्होडाफोन आयडियाची सरकारी देणी थकली, तेव्हा त्यांचे रूपांतर भागभांडवलात करण्यात आले. प्रथम २०२३ मध्ये १६,१३३ कोटी, नंतर २०२५ मध्ये ३६,९५० कोटी. सरकार आता त्या कंपनीचे सुमारे ४९ टक्क्यांचे भागधारक आहे. नफा होता तोवर ती खाजगी होती; देणी उरली तेव्हा ती निम्मी सार्वजनिक झाली. राष्ट्रीयीकरण कालबाह्य झाले असे म्हणणाऱ्यांनी तोट्याचे राष्ट्रीयीकरण मात्र चालू ठेवले आहे.

सरकारी मालकीची दूरध्वनी कंपनी कोठेच चालत नाही, हा दावाही तपासून पाहू. नॉर्वेच्या टेलेनॉर कंपनीत तेथील सरकारचे बहुमत आहे. ती भारतात येऊन काही वर्षे धंदा करून गेली. सिंगापूरच्या सिंगटेलमध्ये त्या सरकारच्या गुंतवणूक संस्थेचे बहुमत आहे, आणि हीच सिंगटेल आपल्या एअरटेलमध्ये गेली पंचवीस वर्षे मोठी भागीदार आहे. परक्या सरकारच्या मालकीची कंपनी भारतात नफा मिळविते आणि भारत सरकारच्या मालकीची कंपनी भारतात बुडते, याचा दोष मालकीच्या तत्त्वाला देता येणार नाही; मालकाच्या वर्तनाला द्यावा लागेल.

ही सारी उजळणी आज करण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, पुढील काही वर्षांत या कंपनीचे भवितव्य ठरणार आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी आपले दर जवळपास एकदमच वाढविले, तेव्हा पुढील काही महिन्यांत लक्षावधी ग्राहक निगमकडे वळले. पाठोपाठ २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत निगमला २६२ कोटी रुपये नफा झाला. सतरा वर्षांनंतरचा हा पहिला तिमाही नफा. त्याचा फार गाजावाजा करण्याचे कारण नाही, कारण तो सरकारी साहाय्याच्या आधाराने झालेला आहे. परंतु बाजार दोन-तीन घराण्यांच्या मुठीत गेला असताना सार्वजनिक कंपनी जागेवर असणे हीच ग्राहकाची एकमेव ढाल आहे, हे त्या जुलैने दाखविले. गडचिरोलीसह नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील दोन हजारांहून अधिक मनोरे या निगमनेच उभारले. २०२२ मध्ये सेवेपासून वंचित अशा २४,६८० खेड्यांपर्यंत चौथ्या पिढीची सेवा नेण्याचे काम तिच्याकडेच सोपविले गेले. जेथे नफा नाही तेथे जाण्यास दुसरे कोणी तयार नाही.

आणि धोकाही येथेच आहे. निगमजवळ शहरांतील मोक्याच्या जमिनी आहेत, देशभर पसरलेले प्रकाशतंतूंचे जाळे आहे, मनोरे आहेत. पुनरुज्जीवन योजनांत या मालमत्तांतून पैसा उभा करण्याचे कलम आहे. नव्या जाळ्यावर जनतेचा पैसा खर्च व्हावा, ते उभे राहावे आणि मग मोलाचे तेवढे विकून ओसाड तेवढे सरकारकडे ठेवावे, हा क्रम आपण विदेश संचार निगमपासून ओळखून आहोत.

म्हणून आमच्या मते पुढील मागण्या समाजवाद्यांनी आग्रहाने मांडल्या पाहिजेत. ग्रामीण व दुर्गम भागातील सेवेचा तोटा वेगळा दाखवून तो त्याचसाठी गोळा होणाऱ्या निधीतून दरवर्षी, मागावा न लागता, निगमला मिळावा. निगमच्या संचालक मंडळाला यंत्रसामग्री खरेदीचे स्वातंत्र्य असावे आणि त्याचा हिशोब त्याने मंत्र्यांच्या दालनात नव्हे, संसदेपुढे द्यावा. त्या मंडळावर कर्मचाऱ्यांचे आणि ग्राहकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. जमिनी विकल्या जाऊ नयेत. कंत्राटी कामगारांची थकलेली मजुरी चुकती करून त्यांच्या सेवेला संरक्षण मिळावे. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. सार्वजनिक या शब्दाला अर्थ देण्यासाठी लागणारी ही किमान सामग्री आहे.

मात्र मागण्यांचे निवेदन देऊन परतणे हे आपल्या सवयीचे काम झाले, आणि तेवढ्याने भागणार नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागात निगमची सेवा कोठे मिळते, कोठे बंद पडते, कोणता मनोरा विजेअभावी मूक असतो, याची यादी करावी. सेवा बंद पडली तर ग्राहकांना घेऊन कचेरीत जावे. तेथे अधिकाऱ्याला जाब विचारावा आणि त्याच वेळी तेथल्या कंत्राटी कामगाराच्या मजुरीचाही प्रश्न विचारावा. १९६८ च्या संपाच्या वेळी खिडकीच्या आतला आणि बाहेरचा असे जे दोन श्रमिक एकमेकांना अनोळखी राहिले, त्यांची गाठ घालून देण्याचे हे काम आहे. ते त्या वेळी झाले असते तर पुढची बरीच पडझड टळली असती.

सरकारी उद्योग हा समाजवादाचा पुरावा नसतो. तो समाजवादाला मिळालेली एक संधी असते. पहिली संधी आपण घोषणांत घालविली. झारसुगुडाच्या समारंभाने कदाचित दुसरी संधी मिळाली आहे. तिचा हिशोब मागावयाचा तर मागणाऱ्याने आधी, हे माझे आहे, असे म्हणावयास शिकले पाहिजे.